तीन गोळ्यांचा भरवसा

माझा भाचा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात राहतो. गेल्या पावसाळ्यात त्याचा एक फोटो आला. जाड कागदावर काळं वर्तुळ, त्याच्या जरा वर तीन भोकं, आणि मापासाठी शेजारी ठेवलेलं आपलं दहा रुपयांचं नाणं. तिन्ही भोकं त्या नाण्याखाली जवळपास झाकली गेली असती. खाली लिहिलं होतं, "मामा, शंभर यार्डांवरून. काडतुसं माझ्या हातची. पंप रायफल अचूक नसते म्हणतात, बघा." पंप म्हणजे नळीखालचा दस्ता मागेपुढे ओढून काडतूस भरायची रायफल.

मी सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत ३१ वर्षं क्वालिटीला होतो. व्हर्निअर, मायक्रोमीटर, डायल आणि गेज यांतच नोकरी सरली. मी त्याला दोनच शब्दांचं उत्तर पाठवलं, "आणखी सात." त्याला ते लागलं. आठवडाभर फोन नाही. मग एका रविवारी आम्ही तासभर बोललो. त्याने मला काडतूस कसं भरतात ते सांगितलं, मी त्याला तीन भोकं मोजून काय कळतं आणि काय कळत नाही ते सांगितलं. ते सगळं इथे मांडतोय.

आधी कायद्याचं. भाचा करतो ते तिथल्या कायद्यात बसतं. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली. चांदोलीच्या जंगलाला लागून राहणाऱ्या आम्हा लोकांना हे वेगळं सांगायला नको. हा लेख समजून घेण्यासाठी आहे, करून बघण्यासाठी नाही. करून बघण्यासारखं एक आहे, ते पुढे येईल.

काडतुसात चार गोष्टी असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसवलेली ठिणगी देणारी टोपी, आत दारू, आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. बोलताना आपण अख्ख्या काडतुसालाच गोळी म्हणतो, पण नळीतून बाहेर जाते ती फक्त पुढची गोळी. पुंगळी मागे राहते. पितळ महाग, आणि एकदा वापरलेली पुंगळी बहुतेक वेळा पुन्हा वापरता येते. म्हणून लोक रिकाम्या पुंगळ्या गोळा करतात, पुन्हा मापात आणतात, नवी टोपी बसवतात, दारू तोलून घालतात आणि नवी गोळी दाबून बसवतात. यालाच हाताने काडतूस भरणं म्हणतात. ठासणीची बंदूक आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिलेली. तिथेही दारू हातानेच भरायची. फरक एवढाच की ठासणीच्या बंदुकीत काळी दारू असे आणि आजच्या रायफलीत बिनधुराची. हा फरक लहान नाही. भाच्याच्या रायफलीत चालणाऱ्या ३०-०६ जातीच्या काडतुसात दाब चौरस इंचाला ६०,००० पौंडांपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ४,२०० किलो. आपल्या साखर कारखान्यांतल्या मोठ्या बॉयलरचा दाब साधारण साठ-सत्तर किलोंचा धरला, तर त्याच्या साठपट. तोही तोंडापासून वीतभर अंतरावर.

म्हणून दारू किती घालायची हे कोणी अंदाजाने ठरवत नाही. दारू बनवणाऱ्या कंपन्या तपासून छापलेले तक्ते देतात, त्यात खालची आणि वरची मर्यादा असते. खालून सुरुवात करायची, वरची ओलांडायची नाही. भाचा टेबलावर दारूचा एकच डबा ठेवतो, दुसरा कपाटात कुलपात, म्हणजे एकाऐवजी दुसरी दारू पडायची शक्यताच नाही. काम चालू असताना फोन दुसऱ्या खोलीत. त्याचं हे ऐकून मला बरं वाटलं. शॉप फ्लोअरवर अपघात होतात ते बहुतेक बोलता बोलता.

वजनं ग्रेनमध्ये मोजतात. ७,००० ग्रेनचा एक पौंड. मला हा आकडा परका वाटायचा, पण हिशेब केला तेव्हा गंमत कळली. आपला जुना तोळा, आजचा १० ग्रॅमचा नव्हे तर ११.६६ ग्रॅमचा, तो बरोबर १८० ग्रेनचा. ३०-०६ साठी वर्षानुवर्षं चालत आलेली एक गोळी १८० ग्रेनचीच असते. म्हणजे एक गोळी एक तोळा. तोळ्याच्या ९६ गुंजा, तेव्हा एक ग्रेन अर्ध्या गुंजेहून किंचित जास्त. दारू ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतात. विट्याकडच्या गलाईवाल्यांना, ज्यांची हयात सोनं गाळून तोलण्यात गेली, हा काटा लगेच समजेल.

आता पितळेबद्दल थोडं सविस्तर, कारण पंप रायफलीची खरी अडचण इथेच आहे.

पुंगळीचं पितळ म्हणजे साधारण ७० भाग तांबं आणि ३० भाग जस्त. टोपी पेटली की दाबाने पुंगळी फुगते आणि नळीच्या मागच्या खोलीला, जिला चेंबर म्हणतात, चहूबाजूंनी चिकटते. त्यामुळे जळता वायू मागे येत नाही. दाब उतरला की पितळ थोडं आकसतं आणि सुटतं. थोडंच. पूर्वीच्या मापावर परत येत नाही. तांब्या-घागरी घडवणाऱ्या तांबटाला विचारा, ठोकून ठोकून पत्रा कडक होतो, मग तो भट्टीत तापवून पुन्हा मऊ करावा लागतो. पुंगळीचंही तसंच. चार-सहा वेळा फुगली आणि दाबली गेली की तिची मान, म्हणजे गोळी धरणारा तोंडाकडचा भाग, कडक होते, चिरते. म्हणून काही जण मानेचा भाग ज्योतीवर तापवून मऊ करतात. फक्त मानेचा. बूड तापवलं आणि मऊ पडलं तर ते दाबाला टिकणार नाही.

बोल्ट रायफलीत मागे जो दांडा असतो तो वर उचलताना तरफेसारखं काम करतो. चेंबरला चिकटलेली पुंगळी त्या तरफेने आधी सुटते, मग बाहेर ओढली जाते. पंप रायफलीत ही तरफ नाही. नळीखालचा लाकडी दस्ता डाव्या हाताने मागे ओढायचा, रिकामी पुंगळी बाहेर. पुढे ढकलायचा, नवं काडतूस आत. सायकलला हवा भरायच्या पंपासारखी सरळ हालचाल, म्हणून नाव पंप. हात न काढता, नजर न हलवता दुसरी गोळी तयार होते, हा तिचा गुण. पेनसिल्व्हेनियात हरणाच्या शिकारीला आपोआप भरणारी रायफल चालत नाही, त्यामुळे तिथे पंप फार चालली. भाच्याकडे आहे ती रेमिंग्टन ७६०. हे मॉडेल १९५२ साली आलं, म्हणजे ज्या वर्षी कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं त्याच वर्षी. १९८१ मध्ये तिची जागा ७६०० ने घेतली. आतला बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा तुकडा, फिरून नळीच्या मागच्या टोकात घट्ट अडकतो, त्यामुळे मजबुतीत ती बोल्ट रायफलीला हार जात नाही. पण पुंगळी चिकटली तर ती सोडवायला फक्त हाताचा जोर.

बोल्ट रायफलवाले पुष्कळदा पुंगळीची फक्त मान दाबून घेतात, बाकी अंग फुगलेलंच ठेवतात, कारण ती त्याच चेंबरच्या मापाची झालेली असते. पंपमध्ये हे करू नये. तिथे पुंगळी पूर्ण लांबीला दाबणारी डाय, म्हणजे साचा, लागते, आणि काही चेंबरना तर बुडाजवळही जास्त दाबणारी खास डाय. नाहीतर काडतूस आत जाताना अडेल किंवा रिकामी पुंगळी बाहेर येणार नाही, आणि जंगलात थंडीत ते सोडवत बसावं लागेल. मात्र जास्त दाबणंही वाईट. पुंगळीचा खांदा, म्हणजे अंग मानेकडे निमुळतं होतं तो भाग, खूप मागे ढकलला तर प्रत्येक वेळी ती पुढे ताणली जाते, बुडाच्या वर आतून पातळ कडं तयार होतं, आणि एक दिवस तिथूनच तुटते. खांदा ०.०५ ते ०.१ मिलिमीटर मागे, एवढं पुरे. हे माप भाच्याने सांगितलं तेव्हा मी म्हटलं, हे तर आमचंच काम झालं. बेअरिंगची बैठक आम्ही याहून बारीक घासायचो. माप बसतं की नाही एवढंच सांगणारं गो आणि नो-गो गेज असतं तसंच गेज यासाठीही मिळतं. मी त्याला म्हटलं, दाबलेली प्रत्येक पुंगळी आधी गेजमध्ये टाक, मगच तिच्यात दारू जाऊ दे.

पूर्ण दाबल्याने अचूकता जाते, असा समज जुना आहे. अचूकतेच्या स्पर्धांत उतरणारे कितीतरी नेमबाज आज पूर्ण लांबीच दाबतात. दर वेळी सारखं दाबलं जाणं महत्त्वाचं.

दुसरी मर्यादा मॅगझिनची, म्हणजे रायफलीत काडतुसं भरून ठेवायच्या पेटीची. काडतूस मॅगझिनच्या लांबीत बसलं पाहिजे, त्यामुळे गोळी मनासारखी पुढे ठेवता येत नाही. शिवाय झटक्याने मॅगझिनमधली बाकीची काडतुसं पुढच्या भिंतीवर आपटतात आणि गोळी आत सरकू शकते, म्हणून पुंगळीच्या मानेची पकड चांगली हवी. रेमिंग्टनच्या १९१२ च्या जुन्या पंप रायफलीत मॅगझिन नळीच्या आकाराचं होतं, काडतुसं एकामागे एक. तिथे वेगळीच धास्ती: मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकलं तर? म्हणून ती नळी पिळदार केली, टोक टोपीसमोर येऊच नये म्हणून. जुन्या यंत्रांत असं डोकं लढवलेलं पाहिलं की मला अजून आनंद होतो.

आता अचूकतेकडे.

ग्रुप म्हणजे काय

आमच्या भागात फौजी घरोघरी. साताऱ्याकडच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे तर 'मिलिटरी' हा शब्दच जोडला गेलाय. त्यांना ग्रुपिंग हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. एकाच ठिकाणी नेम धरून पाच राउंड मारायचे आणि भोकं किती जवळ पडली ते पाहायचं. मधोमध पडली की वर पडली, हा नंतरचा प्रश्न. ग्रुप घट्ट असेल पण चार बोटं वर असेल, तर साईट, म्हणजे नेम धरायचं साधन, फिरवून तो खाली आणता येतो. ग्रुप पसरलेला असेल तर साईट फिरवून काही होत नाही.

ग्रुप मोजतात तो सर्वांत लांबच्या दोन भोकांमधल्या अंतराने, मध्यापासून मध्यापर्यंत. आणि तो सांगतात कोनात. एका अंशाचे साठ भाग केले की एक मिनिट. शंभर यार्डांवर एक मिनिट म्हणजे २६.६ मिलिमीटर. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७. भाच्याने मापाला ते नाणं ठेवलं तो योगायोग, पण त्याहून सोपं माप नाही. शंभर यार्डांवर एक नाणं, दोनशेवर दोन नाणी, तीनशेवर तीन.

गोळ्या एकाच भोकातून का जात नाहीत? कारणं पुष्कळ. चाप ओढल्यापासून गोळी नळीबाहेर पडेपर्यंत काही हजारांश सेकंद जातात, त्यात नळी तारेसारखी थरथरते. नळीत आतून कोरलेल्या पिळदार खाचांमुळे, म्हणजे आट्यांमुळे, गोळी फिरत बाहेर पडते. ३०-०६ मध्ये १० इंचांत एक फेरा धरला तर सेकंदाला ८२० मीटर वेगाने जाणारी गोळी मिनिटाला सुमारे १,९४,००० फेरे घेते. आमचं लेथचं स्पिंडल २,००० ला पळायला लागलं तरी जॉबचा जरासा असमतोल हाताला जाणवायचा. गोळीचं जॅकेट, म्हणजे वरचं धातूचं कवच, एका बाजूला केसभर जाड असेल तर एवढ्या फेऱ्यांत ती बाजूला जाणारच. म्हणून माझ्या मते क्रम असा: आधी नळी, मग गोळीची जात, मग मारणाऱ्याचा हात, आणि या तिन्हींनंतर बाकी सगळं. लोक उलट करतात. चांगली गोळी घेण्याऐवजी दारूच्या दहाव्या ग्रेनसाठी रात्र जागवतात.

दारूतल्या फरकाने काय होतं ते मोजून पाहू. शंभर यार्ड जायला गोळीला साधारण ०.११५ सेकंद लागतात, तेवढ्यात गुरुत्वाने ती ६ सेंटिमीटरच्या वर खाली येते. वेगात एक टक्का फरक पडला तर या उतरण्यात सुमारे दोन टक्के फरक, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आतच. शंभर यार्डांवर हे दिसतसुद्धा नाही. तीनशे यार्डांवर तोच एक टक्का दीड सेंटिमीटरच्या आसपास जातो. तेव्हा जो शंभर यार्डांच्या पुढे जाणारच नाही, त्याने वेगाची एवढी चिंता करू नये.

पंप रायफलीत एक जास्तीची गोष्ट आहे. पुढचा दस्ता सरकता असल्यामुळे पक्का नसतो. टेबलावर वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवताना तोच दस्ता पिशवीवर दाबला तर दाब दर वेळी वेगळा पडतो आणि भोकं वर-खाली होतात. भाचा पिशवी मागे घेतो, लोखंडी अंगाचा पुढचा भाग तिच्यावर टेकवतो आणि दस्त्याला हात लावतो तो फक्त ओढण्यापुरता. एवढ्याने फरक पडला, असं तो म्हणतो. एवढ्याने फरक पडावा, हे मला पटतं. जॉब पकडण्याची पद्धत बदलली की माप बदलतं, हे तर पहिल्या महिन्यात शिकवतात.

तीन भोकं खोटं का बोलतात

आता माझ्या "आणखी सात" कडे येतो. घरातला लुडोचा फासा घ्या. तीनदा टाका. सर्वांत मोठ्या आकड्यातून सर्वांत लहान वजा करा. ४, ५, ४ आले तर फरक १. २, ६, ३ आले तर फरक ४. तिन्ही टाकणीत फरक ० किंवा १ येण्याची शक्यता किती? एकूण २१६ प्रकारे फासा पडू शकतो, त्यातले ३६ असे. म्हणजे सहात एकदा. आता तोच फासा दहादा टाका आणि दहाही आकडे १ च्या फरकात येतात का पाहा. ती शक्यता सुमारे ११,८०० त एक. फासा तोच आहे. तो सुधारला नाही, बिघडला नाही. तीनदा टाकला तेव्हा तो गुणी वाटला, एवढंच.

रायफल तशीच. गोळ्यांचा पसारा तिच्या स्वभावात आहे. तीन गोळ्या त्या पसाऱ्यातून उचललेले तीन नमुने. गोळ्या वाढल्या की सर्वांत लांबच्या दोन भोकांतलं अंतर वाढतच जातं, कमी होऊ शकत नाही. सरासरीचा हिशेब असा आहे: तीन गोळ्यांच्या ग्रुपला २.४ धरलं तर पाचच्या ग्रुपला ३.१ आणि दहाच्या ग्रुपला ३.८. म्हणजे तीनच्या ग्रुपवरून दहाचा अंदाज करायचा तर दीडपटीहून जास्त धरावं लागतं. शिवाय हे सरासरीचं. एकाच रायफलीने, त्याच काडतुसांनी, पाच-पाच गोळ्यांचे दहा ग्रुप मारले आणि सरासरी ३० मिलिमीटर आली, तर त्यातला सर्वांत लहान २० च्या खाली आणि सर्वांत मोठा ४० च्या वर सहज निघतो. लहानाचा फोटो निघतो. मोठ्याला "वारा होता" म्हणतात.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पुलीचा एक लॉट माझ्या सहीने गेला. ४०० नग होते. मी तीन मोजले, तिन्ही मापाच्या मधोमध. सही केली. आठ दिवसांनी लॉट परत आला, कारण बोअर, म्हणजे मधलं भोक, कितीतरी नगांत मोठं होतं. टूल झिजत गेलं होतं आणि मी उचललेले तिन्ही नग सुरुवातीचे होते. साहेबांनी आवाज चढवला नाही. फक्त मला ४०० च्या ४०० मोजायला लावले आणि प्रत्येक माप कागदावर टिंब म्हणून मांडायला लावलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या टिंबांची चढती रांग पाहिली तेव्हा जे कळलं ते पुस्तकात वाचून कळलं नसतं. भाच्याच्या तीन भोकांचा फोटो आला तेव्हा मला तो लॉटच दिसला.

याहून मोठा फसवा प्रकार दारू आणि गोळीचं चांगलं मिश्रण शोधताना होतो. काडतूस भरणारे दारू थोडी थोडी वाढवत जातात, समजा दहा टप्पे, आणि प्रत्येक टप्प्याच्या तीन गोळ्या मारतात. ज्या टप्प्याचा ग्रुप सर्वांत लहान, तो रायफलीचा लाडका ठरवतात. फाशाकडे परत या. दहा जणांनी तोच फासा तीन-तीनदा टाकला, तर निदान एकाला तरी ० किंवा १ चा फरक मिळण्याची शक्यता ८४ टक्के. दहाही टप्पे अगदी सारखे असले तरी एक विजेता निघणारच. पुढच्या आठवड्यात तेच मिश्रण पसरलं की माणूस म्हणतो, हवा बदलली, हात हलला. रायफलीने काहीच बदललं नव्हतं.

भाच्याने शेवटी सात मारल्या. तीन गोळ्यांचा ग्रुप २१ मिलिमीटरचा होता. दहा गोळ्यांचा ६१. म्हणजे सव्वादोन मिनिटं. तो खूप उतरला. मी उलटा हिशेब करून दाखवला: दहाचा ६१ असेल तर त्याच रायफलीचे तीन गोळ्यांचे ग्रुप सरासरी ३८ च्या आसपास यायला हवेत. २१ चा आला तो चांगल्या दिवसाचा. आणि ६१ वाईट नाही. हरणाच्या छातीत जिथे गोळी लागायला हवी ती जागा साधारण २० सेंटिमीटरची, नाश्त्याच्या ताटलीएवढी. शंभर यार्डांवर ६ सेंटिमीटरचा पसारा त्यात आरामात बसतो, दोनशे यार्डांवर १२ चा, तोही बसतो. प्राणी जखमी होऊन पळून जाऊ नये, यासाठी माणसाला स्वतःच्या पसाऱ्याचा खरा आकडा माहीत हवा. २१ वर विसंबून चारशे यार्डांवर चाप ओढला असता तर त्याची किंमत त्या हरणाने मोजली असती. मी त्याला हे स्पष्ट सांगितलं.

लांबच्या दोन भोकांऐवजी आणखी चांगलं माप आहे. सगळ्या भोकांचा मध्य काढायचा, त्या मध्यापासून प्रत्येक भोकाचं अंतर मोजायचं, त्यांची सरासरी. यात दहाही गोळ्यांचं मत घेतलं जातं. लांबच्या दोन भोकांच्या मापात आठ गोळ्या वाया जातात. आणि एका बैठकीत दहा मारायच्याच असं नाही. नळी तापते, पातळ नळी तर पाच-सहा गोळ्यांतच. वेगवेगळ्या दिवशी पाच-पाच मारा, दर वेळी त्याच बिंदूवर नेम धरा, साईटला हात लावू नका, आणि मग सगळे कागद एकावर एक ठेवून उजेडासमोर धरा. सगळे कागद. चुकलेल्या गोळीचाही.

आपल्याकडे करून बघण्यासारखं म्हणजे एअर रायफल. दहा मीटरची एअर रायफल आता आपल्या भागात पोरंपोरी शिकतात, आणि शेजारच्या कोल्हापूरने तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळे दिल्यापासून आयांनाही नेमबाजीची भीती राहिली नाही. या रायफलीला दारू नाही, टोपी नाही, फक्त ४.५ मिलिमीटरचे शिशाचे छर्रे. मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. छर्ऱ्यांच्या डोक्याचं माप ४.४९, ४.५०, ४.५१ असं डब्यावर लिहिलेलं असतं, आणि कोणती नळी कोणत्या डब्यावर खूश होईल हे मारल्याशिवाय कळत नाही. मोठ्या स्पर्धांचे नेमबाज रायफल शिकंजात आवळून डबे तपासतात. क्लबमध्ये तेवढी सोय नसली तरी पिशवीवर टेकवून करता येतं. फक्त तीन छर्ऱ्यांवर डबा ठरवू नका. प्रत्येक डब्यातले किमान वीस, आणि डबे अदलाबदल करत: पाच याचे, पाच त्याचे, पुन्हा पाच याचे. नाहीतर पहिला डबा ताज्या हाताने मारला जातो आणि शेवटचा दमलेल्या हाताने, आणि दोष छर्ऱ्याला जातो. कोणत्या कागदावर कोणता डबा हे मारणाऱ्याला माहीत नसेल तर फारच उत्तम. भरून देणारा दुसरा असू द्या.

शिकारीच्या रायफलीची चाचणी मात्र थोडी निराळी हवी, हे मला भाच्याने शिकवलं. जंगलात कोणी दहा गोळ्या मारत नाही. लागते ती पहिली, रात्रभर थंडीत राहिलेल्या नळीतून सुटलेली. ती गोळी पुष्कळदा बाकीच्यांपासून जरा बाजूला पडते. मग पहिल्या गोळीचाच ग्रुप काढायचा. रोज सकाळी एक गोळी, तोच कागद, तोच बिंदू, आणि भोकाशेजारी तारीख. मारून झालं की कागद काढून घरी आणायचा, पुढच्या वेळी पुन्हा तोच लावायचा.

त्याने ते सप्टेंबरात सुरू केलं. रेंज त्याच्या घरापासून वीस मिनिटांवर आहे, आठवड्यातून एकदा जमायचं. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, हंगाम उघडायच्या आधी, त्याचा फोटो आला. या वेळी शेजारी नाणं नव्हतं, स्टीलची पट्टी होती. कागद घड्या पडून मऊ झालेला, एका कोपऱ्यात चहाचा डाग, आणि तेरा भोकं, तेराही तारखांसकट. एक भोक बरंच उजवीकडे होतं. त्यापुढे त्याने लिहिलं होतं, "माझीच चूक, पण मोजली आहे."